खिशातली आवक-जावक

बी.कॉम. झालेल्या माणसाचे वाङ्मयीन मत कोणी विचारीत नाही. नाटकाचे परीक्षण मराठीच्या प्राध्यापकाने करावे, गाण्याचे ज्याला गाता येत नाही त्याने करावे, आणि आमच्यासारख्यांनी मुदत ठेवीचे व्याज सांगावे, अशी कामाची वाटणी समाजाने करून ठेवलेली आहे. माझी तिच्याबद्दल तक्रार नाही. परंतु एक प्रकार असा आहे, की ज्याच्या समीक्षेचा अधिकार बँकेतल्या कारकुनाइतका दुसऱ्या कोणालाच नाही, असे माझे नम्र मत आहे. तो प्रकार म्हणजे स्मार्टफोनवरचे ई-मेलचे ॲप.

हसू नका. ई-मेलचे ॲप म्हणजे शेवटी काय? आवक-जावक! आलेला कागद घ्यायचा, ज्याचा त्याला द्यायचा, गेलेला नोंदवायचा, आणि साहेबांनी “तो कागद कुठंय?” असे विचारल्याबरोबर काढून दाखवायचा. मी नोकरीला लागलो तेव्हा पहिली दोन वर्षे माझ्याकडे हेच टेबल होते. डाव्या हाताला आवकचे रजिस्टर, उजव्या हाताला जावकचे, मधे शाईचा पॅड, डिंकाची बाटली आणि मी. कागद सापडला नाही की पहिला संशय शिपायावर यायचा, दुसरा डिंकावर आणि तिसरा माझ्यावर. तेव्हा कागद कोण खरोखर सांभाळतो आणि कोण नुसता सांभाळल्यासारखा चेहरा करतो, हे मला लांबून ओळखता येते.

या ॲप्सची परीक्षणे आजवर ज्यांनी लिहिली त्यांनी पोस्टमनच्या गणवेशाचेच वर्णन फार केले. अमुक ॲपचा रंग डोळ्यांना सुखावतो. तमुक ॲपमध्ये पत्रावरून डावीकडे बोट फिरवले की पत्र नाहीसे होते आणि उजवीकडे फिरवले की निराळ्या ठिकाणी नाहीसे होते. त्याच्याखाली जनतेचे अभिप्राय असतात. एकाने पाच तारे देऊन ‘अजून वापरले नाही’ असे लिहिलेले असते. दुसऱ्याने ‘पासवर्ड विसरलो, एकदम भिकार ॲप’ म्हणून एकच तारा दिलेला असतो. या दोघांच्या सरासरीवर आपण विश्वास ठेवतो. अशा सरासरीवर आम्ही कोणाला दुचाकीचेसुद्धा कर्ज देत नाही.

मुळात मेलचे ॲप निवडायचे असते, हेच पुष्कळांना ठाऊक नसते. ते फोनबरोबर रुखवतासारखे येते आणि रुखवतासारखेच, नको म्हणायची सोय नसल्यामुळे, घरात राहते. आमच्या शाखेतले हेड कॅशिअर याच पंथातले. एकदा डबा खाताना त्यांनी विचारले, “काय हो, मी ते जीमेलचं ॲप काढून टाकलं तर माझी सगळी पत्रं जातील ना?”

मी म्हटले, “साहेब, उद्या आपल्या दारातलं एटीएम कोणी उचलून नेलं, तर गिऱ्हाइकाचं खातं जातं का?”

“खातं नाही जात,” ते म्हणाले, “पण आतली कॅश जाते.”

ते हेड कॅशिअर आहेत. त्यांची दुःखे निराळी.

पण मुद्दा तोच आहे. खाते निराळे आणि एटीएम निराळे. जीमेल या एकाच नावाचे खातेही आहे आणि ॲपही आहे, आउटलुकचेही तसेच, म्हणून हा गोंधळ होतो. खरे म्हणजे जीमेलचे खाते आउटलुकच्या ॲपात उघडते आणि आउटलुकचे जीमेलच्या. एका बँकेचे कार्ड दुसऱ्या बँकेच्या एटीएममध्ये चालते, तसेच. ॲप बदलले म्हणून पत्ता बदलत नाही आणि पत्रेही जात नाहीत. एवढे एक वाक्य समजले तरी माणसाची निम्मी भीती जाते.

उरलेली निम्मी भीती घालवायला थोडा हिशेब लागतो. खात्यातली पत्रे फोनपर्यंत आणायच्या दोन जुन्या रीती आहेत. एकीचे नाव पॉप, ती १९८४ सालची; दुसरीचे आयमॅप, ती १९८६ सालची, अमेरिकेत स्टॅनफर्डला मार्क क्रिस्पिन या गृहस्थांनी काढलेली. पॉप म्हणजे खात्यातली सगळी रक्कम काढून घरी गादीखाली ठेवणे. गादी आपली, रक्कम आपली, रुबाब आपला; पण फोन लोकलमध्ये मारला गेला की गादीसकट ठेव गेली. (शाखेत एक प्रत मागे ठेवण्याची सोय पुढे त्यातही आली, पण ती आठवणीने चालू करावी लागते.) आयमॅपमध्ये खातेवही शाखेतच राहते आणि फोन म्हणजे नुसते पासबुक. पासबुक हरवले तर दुसरे मिळते. फक्त या पासबुकात खोडाखोड केली तर ती खातेवहीतही होते, हे ध्यानात ठेवावे. फोनवर पत्र पुसले की ते सगळीकडून पुसले जाते. फोनसाठी आयमॅपच बरे, आणि आजची बहुतेक ॲप्स न विचारता याच नाही तर याच्यासारख्या रीतीने चालतात.

आता उमेदवारांना आत बोलवू. माझी प्रश्नपत्रिका चार ओळींची आहे. पत्रे ठेवणार कुठे? वाटेत आणखी कोणाच्या हातून जाणार? पाठवणाऱ्याचा पूर्ण पत्ता दाखवणार का? आणि उद्या तुला काढले तर निमूटपणे जाणार का?

पहिला उमेदवार जीमेल. हा १ एप्रिल २००४ रोजी जन्माला आला. इतर लोक दोन-चार मेगाबाइटची खुराडी देत होते त्या काळात याने एक गिगाबाइट जागा फुकट देऊ केली, तेव्हा एप्रिल फूल समजून पुष्कळांनी ते हसण्यावारी नेले. हुशारीत याचा हात कोणी धरणार नाही. दहा वर्षांपूर्वीच्या पत्रातला एक अर्धा शब्द सांगा, पत्र हजर. आवक-जावकला असा माणूस मिळाला असता तर आमचे मॅनेजर त्याच्या पाया पडले असते. पण २०१३ पासून तो पत्रांची स्वतःच्या मताने वर्गवारी करतो. हे मुख्य, हे समाजातले, हे जाहिरातीतले. आणि त्या जाहिरातींच्या गठ्ठ्यात, पत्रांच्या रांगेत पत्रासारखाच चेहरा करून, त्याच्या स्वतःच्या जाहिराती बसलेल्या असतात. पूर्वी कोणती जाहिरात दाखवायची हे ठरवायला तो पत्रांतला मजकूरही यंत्राने चाळीत असे. २०१७ साली गूगलने ते बंद करण्याचे जाहीर केले. म्हणजे पोस्टमनने पाकिटे हुंगणे सोडले, पण थैलीत स्वतःची हँडबिले घालणे सोडले नाही. पगार आपण देत नाही, तेव्हा बोलायला तोंड नाही.

दुसरा आउटलुक. हा टाय लावून येतो. त्याचे मूळचे नाव ॲकॉम्प्ली. डिसेंबर २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती कंपनी विकत घेतली आणि जानेवारी २०१५ मध्ये तेच ॲप आउटलुक या घराण्याच्या नावाने बाहेर आले. लग्नानंतर नाव बदलते तसे. याच्याजवळ दिनदर्शिका पोटातच असते, त्यामुळे मीटिंगांची ज्यांना आवड आहे त्यांचे याच्याशी जमते. हासुद्धा पत्रांच्या दोन पंक्ती लावतो, एक महत्त्वाची आणि एक ‘इतर’. लग्नात मानाच्या पंगतीतून चुलत सासऱ्यांना उठवून दुसऱ्या पंगतीत बसवले की पुढे तीन पिढ्या काय होते ते आपण जाणतो. इथे ‘इतर’मध्ये बसलेले पत्र बिचारे बोलत नाही, एवढाच फरक. दुसऱ्या प्रश्नाला त्याने प्रामाणिक उत्तर दिले: जीमेलसारखे परके खाते जोडले, तर त्यातली पत्रे मायक्रोसॉफ्टच्या यंत्रांवर घेऊन मग फोनवर दाखवली जातात. म्हणजे ठाण्याचे पत्र कळव्याला द्यायचे, पण मुख्य कार्यालयाच्या मंजुरीने. आमच्या बँकेत सगळेच कागद असे जातात, त्यामुळे मला दचकायला झाले नाही. पण घरच्या पत्रांना मुख्य कार्यालय कशाला?

तिसरा स्पार्क. हा भाच्याने शिफारस करून पाठवलेला. तरुण, चुणचुणीत आणि बोलका. त्याची शिकवण अशी, की आलेल्या एका पत्राच्या कडेला चार सहकाऱ्यांनी आपापसांत चर्चा करावी आणि मग उत्तर द्यावे. भाचा म्हणाला, “मामा, हे क्रांतिकारक आहे!” मी त्याला सांगितले, “बाळा, बँकेत ही सोय पहिल्यापासून आहे. तिला नोटिंग म्हणतात. चार जणांनी कागदाच्या कडेला लिहायचं, आणि शेवटी कडाच उरत नाही म्हणून निर्णय घ्यायचा.” पत्र आल्याची वर्दी चटकन देता यावी म्हणून हा उमेदवार आपल्या खात्याचा परवाना त्याच्या कंपनीच्या सर्व्हरवर ठेवतो. गुपचूप नाही, त्यांच्या नियमावलीत तसे लिहिलेले असते. पण नियमावली वाचून सही करणारा माणूस मी तेवीस वर्षांच्या नोकरीत एकच पाहिला, आणि त्याला कर्ज मिळाले नाही; तो वाचीत बसला तोवर योजनेची मुदत संपली.

चौथा थंडरबर्ड. याची कथा ऐकण्यासारखी आहे. २००८ साली के-९ मेल नावाचे एक ॲप निघाले. के-९ हे एका इंग्रजी दूरचित्रवाणी मालिकेतल्या यांत्रिक कुत्र्याचे नाव. नावाप्रमाणे ते इमानी होते आणि नावाप्रमाणेच दिसायला यथातथा होते. जून २०२२ मध्ये ते थंडरबर्डच्या मंडळींना मिळाले आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये अँड्रॉइडवर थंडरबर्ड नावाने नवे कपडे घालून आले. याची चाल सरळ आहे. फोन थेट खात्याशी बोलतो, मधे कोणी नाही. जाहिराती नाहीत. खर्च लोकांच्या देणग्यांवर चालतो, म्हणजे गणेशोत्सव मंडळाप्रमाणे. फक्त लाउडस्पीकर नाही. त्याचा कारभार कसा चालतो ती संगणकाची लिपी कोणालाही उघडून पाहता येते. मला ती कळत नाही, परंतु आमच्या बँकेचा ताळेबंदही भागधारकांना कुठे कळतो? उघडा आहे, एवढ्यावरच माणूस निर्धास्त असतो. दोष सांगायचे तर जुने पत्र हुडकण्यात तो जीमेलच्या पासंगाला पुरत नाही. शिवाय फोनमध्ये बॅटरी वाचवणारी जी यंत्रणा असते, ती या इमानी कुत्र्याला मधूनमधून झोपवून टाकते, आणि मग सकाळचे पत्र दुपारी भुंकते. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन त्याला या सक्तीच्या झोपेतून सूट मिळवून द्यावी लागते. ती दिली की तो सुधारतो. सवलत दिल्यावर सुधारणारा कर्मचारी मी प्रथमच पाहिला.

पाचवा फेअरईमेल. हा एका डच गृहस्थाने जवळजवळ एकहाती उभा केला. काळजीवाहूपणात याला तोड नाही. पत्र उघडण्याआधी ते कोणते चित्र कुठून मागवते आहे ते बघतो, संशयास्पद दुव्यावर बोट ठेवले तर “खरंच जायचंय का?” म्हणून विचारतो. पण त्याची सेटिंगची पाने उघडली आणि मला थेट रिझर्व्ह बँकेची मास्टर सर्क्युलरे आठवली. प्रत्येक ओळ जरुरीची, आणि म्हणूनच कोणी वाचणार नाही अशी. ज्यांना निवृत्तीनंतर काय करावे हा प्रश्न आहे त्यांनी हे ॲप अवश्य घ्यावे.

सहावा प्रोटॉन. हा स्विस. २०१४ साली जिनिव्हाजवळच्या सर्न या अणुसंशोधन संस्थेतल्या माणसांनी सुरू केलेला, आणि पत्रे कुलुपात ठेवण्याबद्दल ख्यातनाम. पण याचे ॲप याच्याच बँकेचे खाते उघडते. तुमचे जुने खाते त्यात चालत नाही. आणि कुलूप दोन्ही टोकांना प्रोटॉन असेल तेव्हाच आपोआप लागते. एरवी तुम्ही पत्राला वेगळा पासवर्ड लावला नाहीत, तर आमच्याकडून लाखबंद पाकीट निघते आणि पलीकडचे काका ते ओट्यावर बसून मोठ्याने वाचतात, असा प्रकार.

आयफोनवाल्यांचा विचार मी मुद्दाम केलेला नाही. त्यांना हप्ते आहेत.

सगळ्या उमेदवारांची तोंडी परीक्षा झाल्यावर मी प्रात्यक्षिकही घेतले. ठाणे स्टेशनातून कर्जतकडची मेल-एक्स्प्रेस सुटली की पुढे पारसिकचा बोगदा लागतो. बोगद्यात रेंज जाते. नेमके तिथेच सिग्नल लागून गाडी थांबली आणि शेजारच्याचे कोपर बरगडीत असताना तुम्हाला सकाळी आलेले पत्र वाचावेसे वाटले, तर जे ॲप ते उघडून दाखवील ते खरे. ज्याने पत्र आधीच फोनवर उतरवून ठेवले तो पास झाला. ज्याने नुसता विषय दाखवून खाली एक चकती गरगर फिरवीत ठेवली, तो नापास. काहींत पत्रे किती दिवसांची उतरवून ठेवायची हे कमीजास्त प्रमाणात ठरवता येते, पण ते ठरवायची बुद्धी बोगद्यातच होते.

नवी ॲप्स आणखी एका कलेचा फार गर्व करतात. तिला स्नूझ म्हणतात. नको असलेले पत्र ‘उद्या सकाळी आठला पुन्हा दाखव’ म्हणून दूर लोटायचे. मंडळी, आमच्याकडे याला सस्पेन्स खाते म्हणतात. जी रक्कम कशाची आहे ते कळत नाही ती तात्पुरती तिथे टाकायची. तात्पुरती टाकलेली ती रक्कम मी तीन मॅनेजरांच्या बदल्या पाहताना पाहिली आहे. ही कला लोकप्रिय केली मेलबॉक्स नावाच्या ॲपने. २०१३ च्या फेब्रुवारीत ते आले तेव्हा ते घ्यायला रांग होती आणि तुमच्या पुढे किती लाख माणसे आहेत, मागे किती, हे पडद्यावर दिसत असे. ज्यांच्या वडिलांनी टेलिफोनसाठी नंबर लावला होता त्यांना तो आकडा पाहून भरून आले असेल. पुढच्याच महिन्यात ते ड्रॉपबॉक्स कंपनीने विकत घेतले आणि २०१६ च्या फेब्रुवारीत बंद केले. खुद्द गूगलने २०१४ साली इनबॉक्स नावाचे दुसरे ॲप काढले, लोकांना ते आवडले, आणि २०१९ च्या एप्रिलमध्ये गूगलनेच ते मिटवले. म्हणून चौथा प्रश्न. ॲपवर जीव लावू नये. ज्यांची पत्रे खात्यात होती त्यांना नवे ॲप घेऊन पुढे चालता आले. पण ज्यांनी आपल्या नोंदी आणि आठवणीची कामे त्या ॲपच्याच कप्प्यांत लावून ठेवली होती त्यांना ती वीट वीट करून हलवावी लागली.

अलीकडे ॲप्स आपल्या वतीने उत्तरेही लिहितात. पत्राखाली तीन तयार वाक्ये येतात, त्यातले एक दाबायचे. गूगलने २०१५ साली ही करामत आणली तेव्हा त्यांच्या संशोधकांनीच एक कबुली दिली होती. सुरुवातीच्या नमुन्याला कोणतेही पत्र दाखवले तरी तो ‘आय लव्ह यू’ असे उत्तर सुचवायचा! ही खोड त्यांनी मोडून काढली, हे एका अर्थी बरे झाले. आमच्या विभागीय कार्यालयाला थकित कर्जांच्या तक्त्याबद्दल असे उत्तर गेले असते तर त्यांना इतक्या वर्षांत प्रथमच कोणी प्रेमाने बोलल्यासारखे वाटले असते, पण तक्ता काही सुटला नसता.

एक हेरही असतो. काही पत्रांत ठिपक्याएवढे, न दिसणारे चित्र घातलेले असते. तुम्ही पत्र उघडले की ते चित्र पाठवणाऱ्याच्या यंत्राकडून मागवले जाते आणि ‘यजमान घरात आहेत’ ही बातमी त्याला पोचते. पूर्वी रजिस्टर पत्राची पोचपावती सही करून द्यावी लागे. ही न विचारता जाते. जीमेल २०१३ च्या अखेरीपासून अशी चित्रे स्वतःच्या यंत्रामार्फत आणते, ॲपलने २०२१ साली आपल्या मेलमध्ये यावर पडदा टाकला, आणि बहुतेक चांगल्या ॲप्समध्ये ‘बाहेरची चित्रे विचारल्याशिवाय दाखवू नका’ अशी एक खूण असते. ती जरूर करावी. चित्रे दिसली नाहीत तर नुकसान साड्यांच्या सेलचेच होते.

पण हा सगळा थट्टेचा भाग झाला. तिसरा प्रश्न थट्टेचा नाही.

गेल्या पावसाळ्यात एक निवृत्त शिक्षक काउंटरवर आले. सत्तरी ओलांडलेली, छत्री काखेत, एका हातात डेबिट कार्ड, दुसऱ्यात फोन. “जरा हे आकडे वाचून द्या हो,” ते म्हणाले, “झिजलेत. माझ्या चष्म्याला झेपत नाहीत.” कशासाठी हवेत, विचारले तर त्यांनी फोन पुढे केला. मेल आलेली होती. संध्याकाळी पाचच्या आत केवायसी अद्ययावत केली नाही तर खाते गोठवण्यात येईल, खालच्या ठिकाणी बोट लावून कार्डाचा नंबर भरावा. वर ठळक अक्षरांत आमच्या बँकेचे नाव होते आणि शेजारी गोल चकतीत आमचेच आद्याक्षर. निवृत्तीच्या वेळी मिळालेली सगळी रक्कम त्यांची आमच्याकडे आहे.

मी बँकेच्या त्या नावावर बोट दाबले. त्यासरशी खालून खरा पत्ता वर आला. लांबच लांब, आकड्यांनी भरलेला, आणि त्यात आमच्या बँकेचा नावालासुद्धा संबंध नाही.

“पण वर नाव तर तुमचंच आहे,” ते म्हणाले.

“नाव कोणीही कोणाचंही लावतं, सर.”

“मला शंका आली होती,” ते हळूच म्हणाले. “शुद्धलेखनाच्या सात चुका आहेत. पण म्हटलं, बँकेचं पत्र आहे, असायच्याच.”

त्यांचे पैसे वाचले ते ॲपमुळे नव्हे, तर कार्डावरचे आकडे झिजले होते म्हणून. फोनचा पडदा लहान, म्हणून बहुतेक ॲप्स पाठवणाऱ्याचे फक्त नाव दाखवतात आणि पत्ता त्याच्या पाठीमागे दडवतात. देखणेपणासाठी. समीक्षकांनी ज्या सुटसुटीतपणाला तारे वाटले, तो हा सुटसुटीतपणा. नाव हे पाठवणाराच लिहितो; त्याला वाटेल ते लिहितो. ही गोष्ट टपाल खात्याला फार पूर्वी कळलेली होती. एकाच नावाची गावे देशात इतकी होती की नावावर भरवसा ठेवून पत्र पोचेना. म्हणून १५ ऑगस्ट १९७२ पासून सहा आकड्यांचा पिनकोड आला, आणि तो काढणारे गृहस्थ आपले श्रीराम भिकाजी वेलणकर, टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी. कवी असूनही त्यांना कळले की नावापेक्षा आकडा खरा. ॲपवाल्यांना अजून ते कळायचे आहे. रिझर्व्ह बँकेने २०२५ साली भारतातल्या बँकांसाठी ‘डॉट बँक डॉट इन’ हे राखीव शेपूट ठरवून ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपापली संकेतस्थळे त्यावर नेण्यास बँकांना सांगितले. ते शेपूट ऐऱ्यागैऱ्याला मिळत नाही. सोय उत्तम आहे. पण शेपूटच ॲपने कापून ठेवले तर प्राणी ओळखायचा कसा? आणि शेपूट बरोबर दिसले तरी पत्रातल्या दुव्यावर कार्डाचा नंबर देऊ नये तो नाहीच, कारण हुशार चोर पत्ताही बनावट करतो. बँक मेलवरून कार्डाचा नंबर मागत नाही. आम्हाला तो आधीच माहीत असतो.

आता निकाल. एकच ॲप सर्वोत्तम म्हणून सांगणे म्हणजे सगळ्या गिऱ्हाइकांना एकच कर्ज देणे. ज्याला जुने पत्र हुडकायचे व्यसन आहे आणि हँडबिलांचा राग नाही, त्याने जीमेलवर राहावे. फक्त सेटिंगमध्ये जाऊन वर्गवारी बंद करावी, म्हणजे सगळी पत्रे एकाच पंगतीत बसतात. ज्याचे ऑफिस मायक्रोसॉफ्टवर चालते त्याने ऑफिसपुरते आउटलुक घ्यावे. मी स्वतः घरच्या पत्रव्यवहारासाठी थंडरबर्ड ठेवला आहे. खातेवही खात्यात, मधे कोणी नाही, आणि काढला तर माझे काहीही न घेता जाईल असा तो एकच वाटला. हुशार माणूस आवक-जावकला बसवू नये, हा आमच्या पहिल्या मॅनेजरांचा नियम होता. हुशार माणूस कागद वाचतो, कागदाबद्दल मत बनवतो, आणि मग मताप्रमाणे कागद ठेवतो. तिथे बसवावा तो असा, की जो सगळे आणतो, काही वाचीत नाही, आणि पाकिटाची मागची बाजूही दाखवतो.

हे सर्व मी हेड कॅशिअरांना, त्यांच्याच विनंतीवरून, मेलने लिहून पाठवले. कागदावर चांगली चार पाने झाली असती. मुद्दे घातले, उदाहरणे घातली, एटीएमचा दाखला पुन्हा घातला. त्यांच्या ॲपने त्या पत्राचा एका ओळीत सारांश केला, ‘प्रेषक मेलच्या ॲपविषयी लिहीत आहेत’, आणि खाली तीन तयार उत्तरे मांडली. मिनिटभरात मला उत्तर आले: ‘थँक्स, नोटेड.’ पण आमचे हेड कॅशिअर गेली बावीस वर्षे हाताखाली आलेल्या प्रत्येक अर्जावर हेच दोन शब्द लिहीत आलेले आहेत. त्यामुळे ते उत्तर ॲपने दिले की त्यांनी, हे मला अद्याप ठरवता आलेले नाही.